कंपनीची भिंत

"चौघांच्याही सह्या लागतील," असं वारसा समितीच्या बाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या 'वारसाबाईं'नी, फोनवर बजावलं होतं, म्हणूनच त्या रविवारी दुपारी आई आणि तिन्ही मुलं एका छपराखाली आली. एरवी वडील गेल्यापासून ताईचा पाय या घराला लागला नव्हता. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण तोही दारातूनच आईला हाक मारायचा आणि ती "आत ये" म्हणाली की "घाई आहे गं" म्हणून सटकायचा. घाई कसली ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत आलं की त्याला स्वयंपाकघराची मागची भिंत दिसायची, आणि भिंत दिसली की आईला दिलेला शब्द आठवायचा.

थोरल्यानं मात्र आज सगळं साग्रसंगीत मांडलं होतं. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. वडिलांचा फोटो पुसून कपाटाला टेकवून ठेवला होता, कारण भिंतीला खिळा ठोकायचा नाही हा त्यांचा नियम त्यांच्या फोटोलाही लागू होता. माणूस जाऊन वर्ष उलटलं, तरी त्याच्या तसबिरीला भिंत मिळाली नव्हती.

"सोपं आहे," थोरला म्हणाला. "घर आपल्याच नावावर राहणार. आईनं इथंच राहायचं, आम्ही दोघांनीही. दिवसा लोक येतील, बघतील, जातील. घर दाखवायला मी. पगार, गणवेश, सगळं. बदल्यात त्यांचं म्हणणं एकच. घराला हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं, कायमचं."

"खिळासुद्धा नाही?" धाकट्यानं विचारलं.

"खिळासुद्धा नाही."

"म्हणजे बाबा परत आले म्हण की."

ताईला हसू आलं. तिनं ते पदराआड दाबलं, पण थोरल्याला दिसायचं ते दिसलंच.

वस्तीत वडिलांना सगळे 'कंपनी' म्हणत. काच कारखान्यात ते भट्टीवर मुकादम होते, पण हे नाव पडलं ते घरामुळे. प्रत्येक क्वार्टरच्या दाराशी पत्र्याची पाटी होती: भिंतीस खिळा ठोकू नये, भोक पाडू नये, फेरबदल करू नये. बाकीच्यांनी ती वाचलीही नाही, यांनी पाठ केली. कपडे दोरीवर, आरसा डब्याला टेकवून, दिनदर्शिका दाराच्या कडीला. वर्षातून एकदा कंपनीचा साहेब क्वार्टरं तपासायला यायचा आणि उत्तम राखलेल्या घराला काचेची फुलदाणी बक्षीस द्यायचा. घरात फुलदाण्याच फुलदाण्या झाल्या, त्यांत घालायला फूल नाही.

मग भट्टी विझली, कंपनी बुडाली आणि क्वार्टरं राहणाऱ्यांच्याच नावावर झाली. त्या वर्षी अख्ख्या ओळीनं भिंती फोडल्या. कुणी खोली वाढवली, कुणी गच्ची काढली, आणि प्रत्येकानं न चुकता स्वयंपाकघराला मागच्या बोळाकडे खिडकी केली. कंपनीनं ती स्वयंपाकघरं अशी बांधली होती की धूर जायला छपराखाली हातभर फट, बाकी चहूबाजूंनी वीट. वडिलांनी काय केलं? साहेब यायचा त्याच दिवशी, दरवर्षी, घरच्यांना बाहेर रस्त्यावर ओळीत उभं केलं आणि स्वतःच आत जाऊन तपासणी केली. साहेब गेला तरी त्याचा दौरा चालूच. थोरल्याची नवी नवरीसुद्धा लग्नानंतर त्या ओळीत उभी राहिली होती. येणारेजाणारे हसू दाबायला तोंडाला रुमाल लावायचे. शेजारचा पंक्चरवाला तर तोंडावर म्हणायचा, "काचेच्या कारखान्यात जन्म गेला, आणि बायकोच्या वाट्याला काच आली ती फक्त चष्म्याची."

आईनं आयुष्यात नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, लुगडं मागितलं नाही. एक खिडकी मागितली. कोळशाच्या शेगडीसमोर बसून मागितली, खोकत मागितली, पुढे गॅस आला आणि दमा कायमचा राहिला तेव्हाही मागितली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "भिंत कंपनीची आहे." कंपनी नाही, साहेब नाही, पगार नाही, पण भिंत कंपनीची.

आता वारसा समिती कारखाना जपणार होती. धुराडं जपणार होती, भट्टीघराचं संग्रहालय करणार होती, आणि कामगाराचं एक घर जसंच्या तसं हवं होतं. साऱ्या वस्तीत तसं घर एकच उरलेलं.

* * *

सून चहा टाकायला आत आली. आई कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा बाहेरची खोली नव्या जोडप्याला गेली आणि आईची खाट स्वयंपाकघरात आली, ती तिथंच रुजली. दिवसाही दिवा लावावा लागे. मागची भिंत जमिनीपासून छपरापर्यंत काळी होती, शेगडीच्या वर तर डांबर फासल्यासारखी.

"काय ठरतंय?" आईनं विचारलं.

"भांडतायत अजून."

"भांडू दे. बरेच दिवसांनी भेटलेत." आई श्वास घ्यायला थांबली. "बाईंना विचारशील का गं, एवढीशी खिडकी चालेल का? मोठी नको. तुझ्या ताटाएवढी."

सुनेनं चहाचं आधण ठेवलं. तिला त्या भिंतीचा वीट आला होता, नवऱ्याचाही थोडा आला होता, आणि दोन्हींशिवाय राहायची सोय नव्हती. सहा महिने नवरा घरी बसून होता. पॅकिंग खात्यातली नोकरी कंपनीबरोबर बुडाली, मग गोदामावर रखवालदारी, मग तीही नाही. हल्ली तो बाजारात जायचा तर मागच्या बोळानं, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. या नोकरीचा शब्द आला त्या दिवशी तो वेडावाकडा नाचला होता, या एवढ्याशा खोलीत. त्या नाचाची तिला आता भीती वाटत होती.

बाहेर ताईचा आवाज चढला. "तिचा दम बघितलास? डॉक्टर म्हणाले ना, हवेशीर जागेत ठेवा? मी नेते तिला माझ्याकडे. मग ठेवा भिंती नि दाखवा."

"ने ना," थोरला म्हणाला. "आत्ता ने. पिशवी भरायला सांगू?"

ताई पदराचं टोक चाळवू लागली.

"गेल्या वेळी चौथ्या दिवशी जावईबापूंनी रिक्षा बोलावली होती. रिक्षावाल्याला भाडंही आधीच दिलं होतं, आई परत उतरू नये म्हणून."

हे वर्मी लागलं. ताईचे डोळे भरले, आणि राग जिथून आला होता तिकडे न जाता भलतीकडेच वळला. तिनं कपाटाला टेकवलेल्या फोटोकडे पाहिलं. "बाबांच्या नावाची पाटी लावणार म्हणतात ना?" तिनं हळू विचारलं.

"दाराशी. 'या घराचे रक्षक' म्हणून. पितळेची."

"सगळे हसायचे त्यांना. मी शाळेतून यायची तेव्हा पोरं ओरडायची, कंपनीची पोरगी, कंपनीची पोरगी." ताईनं नाक पुसलं. "एकदा तरी त्यांचं चांगलं होऊ दे. मी करते सही."

"वा!" धाकटा म्हणाला. "घटकेपूर्वी आईचा दम होता, आता बाबांची पाटी. ताई, तुझी बाजू नक्की कुठली?"

"मी त्या दोघांचीही मुलगी आहे," ताई म्हणाली.

आणि अशी एकाविरुद्ध दोन मतं झाली असती, तेवढ्यात सून चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "खिडकी आधी. सह्या नंतर."

थोरल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू पण?"

"मी पण. आईंनंतर त्या भिंतीसमोर कोण बसणार आहे? तुम्ही?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!"

"तुमचे बाबाही हेच म्हणायचे."

* * *

वारसाबाई वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या आल्या, चप्पल बाहेर काढली, आईच्या पायाशी जमिनीवरच बसल्या आणि भिंतीकडे अशा बघत राहिल्या की सुनेलाही क्षणभर वाटलं, आपल्याला दिसलं नाही असं काही तिथं आहे की काय.

"ही काजळी," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी धुतली नाहीत?"

"धुवायची," आई म्हणाली. "फक्त हात काळे व्हायचे. मग सोडून दिलं."

"बरं केलंत. आता मात्र धुऊ नका. पुसूसुद्धा नका." बाई खरोखर हेलावल्या होत्या. "कारखान्याचा इतिहास सगळे सांगतात आजी. मालक, भट्टी, किती बाटल्या निघाल्या. पण त्या भट्टीवरच्या माणसाला जेवू घालणारी बाई कशात जगत होती, ते कुणी सांगत नाही. ते या भिंतीवर आहे. सगळ्या वस्तीत एवढ्या एकाच भिंतीवर."

"ताटाएवढी खिडकी," आई म्हणाली. "त्या कोपऱ्यात. बाकी भिंत ठेवा."

बाईंनी मान खाली घातली. "एक वीट हलवली तरी घराचा 'वारसा' म्हणून दर्जा जातो. माझ्या हातात असतं तर... आणि लोकांना कळायला नको का, की खिडकी नव्हती?"

"मी सांगते ना तोंडानं, की नव्हती. जो येईल त्याला सांगते. त्यासाठी भिंत कशाला हवी?"

"आजी, तुम्ही किती दिवस..." बाई बोलता बोलता थांबल्या. पण वाक्य निघून गेलं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ते मनातल्या मनात पुरं केलं.

सगळ्यात आधी धाकटा हलला. त्यानं बाहेर जाऊन सायकलची पिशवी आणली. त्यात छिन्नी आणि हातोडा होता. तो गवंडी होता. ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी त्यानं काढून दिली होती. कुणाकडे बायका त्याला खिडकीतून पहिला चहा द्यायच्या, कुणाची म्हातारी नुसतीच बाहेर बघत बसायची आणि डोळे पुसायची. परक्यांच्या भिंती फोडून तो घरी यायचा आणि इथं आई धुरकट उजेडात खोकत असायची. वडिलांसमोर त्याची छिन्नी कधी उचलली गेली नाही. भट्टीची आग झेललेल्या त्या माणसाला सगळं घरच भ्यायचं. मग वडिलांचं शेवटचं दुखणं आलं, तेव्हा त्यानं आईच्या कानात सांगितलं होतं, "एवढं होऊ दे, मग पहिलं काम तुझ्या खिडकीचं." होऊ दे म्हणजे काय होऊ दे, ते तिला कळलं होतं आणि ती त्याच्यावर रागावलीही नव्हती. याचीच त्याला पुढे वर्षभर लाज वाटली. आणि वडील गेले तेव्हा थोरला म्हणाला, "जरा थांब, समितीवाले घर बघून जाऊ देत," आणि हा थांबला. थांबायची सवय सगळ्यांनाच होती.

"आई, बाजूला हो," तो म्हणाला.

"भाऊ, नको," वारसाबाई उठल्या.

"सही झालेली नाही अजून. घर आमचं आहे. मी माझ्या घराची भिंत फोडतोय."

त्यानं कोपऱ्यात छिन्नी टेकवली आणि घाव घातला. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा पडला, काळा, आतून पांढरा. वारसाबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, त्यांनाच लागल्यासारखं. दुसरा घाव पडायच्या आत थोरल्यानं येऊन धाकट्याचं मनगट धरलं. लहानपणी दोघं असेच भिडायचे. पण थोरल्याच्या हातात जोर नव्हता. त्यानं नुसतं धरलं होतं.

"मार," थोरला म्हणाला. "भिंतीच्या आधी मला मार. मला पन्नाशीत कोण उभं करणार आहे सांग? तुझ्या हातात कला आहे, तू कुठंही भिंत बांधशील. मला काय येतं? खोक्यात बाटल्या भरता येतात. कोण विचारतं आता? ही एकच जागा आहे जगात जिथं माझा उपयोग आहे, कारण मी इथं जन्मलो. बस, एवढीच माझी लायकी आहे. ही गेली तर मी संपलो. खरंच संपलो रे."

तो रडत होता. बायकोसमोर, परक्या बाईसमोर, पन्नाशीचा बाप्या तोंड वेडंवाकडं करून रडत होता. सुनेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "खिडकी आधी" हे तिचं वाक्य अजून त्याच खोलीत होतं, पण तिला ते पुन्हा म्हणवेना.

धाकट्यानं हात सोडवून घेतला नाही. सोडवता आला असता. तो आईकडे बघत होता. वर्षानुवर्षं या घरात जे कुणी केलं नव्हतं ते त्यानं आता केलं. त्यानं तिला विचारलं. "आई, तू सांग. तू म्हणशील ते. फोडू?"

आणि हेच त्यानं करायला नको होतं. घाव घालायचा होता, विचारायचं नव्हतं. कारण विचारल्यावर ती काय म्हणणार, हे त्या घरातलं मांजरही सांगू शकलं असतं.

आई एका मुलाकडे बघत होती, मग दुसऱ्याकडे. "राहू दे," ती म्हणाली. "आता सवय झाली आहे. कुठं करायची सही?"

* * *

सह्या झाल्या. धाकट्यानंही केली, उभ्या उभ्याच. ताईनं खाली पडलेला गिलावा उचलायला झाडू घेतला, तर वारसाबाईंनी तिला थांबवलं आणि तो तुकडा स्वतः कागदात बांधून पिशवीत ठेवला. परत चिकटवता येतो म्हणाल्या. त्यासाठी त्यांच्याकडे माणूस होता.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. त्यांना घडल्या प्रकाराचं वाईट वाटत होतं आणि काहीतरी भरून द्यावंसं वाटत होतं. त्यांनी छोटं यंत्र आईसमोर खाटेवर ठेवलं. "तुमचा आवाज हवा आहे. भिंतीपेक्षाही हवा आहे, खरं सांगते. या घरातले दिवस कसे होते, तुमच्या शब्दांत. काही लपवू नका. संग्रहालयात बटण दाबलं की लोकांना ऐकू येईल, कायम."

यंत्रावर लाल ठिपका लागला. 

आईनं मनात पुष्कळ वर्षं हे भाषण तयार ठेवलं होतं. भांडी घासताना केलं होतं, खोकताना केलं होतं. ऐकायला कुणी बसलं तर काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं पाठ होतं. आणि आता एक शिकलेली बाई गुडघे मोडून समोर बसली होती आणि म्हणत होती, लपवू नका.

तिनं तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की आपण सांगितलं की पुढे काय होईल. लोक बटण दाबतील. एका बाईनं जन्मभर खिडकी मागितली, नवऱ्यानं दिली नाही, हे ऐकतील. मग विचारतील, नवरा गेल्यावर? तिला मुलं नव्हती का? एक तर गवंडी होता म्हणे. आणि तिथंच, त्याच खोलीत, गणवेश घालून थोरला उभा असेल. रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आईच्या आवाजात हे ऐकत. धाकट्याच्या मुलांना कुणी शाळेतून घर बघायला आणलं, तर तीही ऐकतील. नवऱ्याबद्दल तिला काही सांगायचं असतं तर तिनं सांगितलं असतं, त्याची तिला आता भीती नव्हती. पण नवऱ्याची गोष्ट सांगायला गेलं की ती मुलांपाशी येऊन संपत होती. दुसरीकडे कुठं ती संपवताच येईना.

"बोला आजी," बाई हळूच म्हणाल्या. "स्वयंपाकघराबद्दल सांगा. धुराचा त्रास व्हायचा ना?"

"नाही," आई म्हणाली.

ताईनं चमकून वर पाहिलं.

"हे चांगले होते स्वभावानं. घर जपायचे. मुलंही गुणी, शब्द मोडला नाही कुणी माझा." ती धापेसाठी थांबली. छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज आला, तो यंत्रानं घेतला असावा. "धूर नव्हता फारसा. हवेशीर होतं."

धाकटा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. थोरला मान घालून आपल्या हातांकडे बघत होता, आणि त्याच्या बायकोनं पदर तोंडात धरला होता.  वारसाबाईंनी यंत्र कानाशी नेऊन ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि अवघडून म्हणाल्या, "आजी, एक विनंती. शेवटचा शब्द दम लागल्यामुळे नीट आला नाही. जरा मोठ्यानं म्हणाल का पुन्हा?"

आईनं खाटेच्या दांडीला धरून श्वास गोळा केला, आणि पुन्हा, मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं, "हवेशीर होतं."